वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मॉर्डेकाय वुल्फ हाफकिन (जन्म : ओडेसा, १५ मार्च १८६०, मृत्यू : लोझान, २६ ऑक्टोबर १९३०) हे पटकी आणि प्लेग या दोन रोगांवरील लसी तयार करणारे जीवाणुशास्त्रज्ञ होते. दोन्ही लसी त्यांनी प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतल्या. प्लेगची लस त्यांनी मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात तयार केली. परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी त्यांच्या लसीच्या एका बाटलीतून १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. या दुर्घटनेचा ठपका हाफकिन यांच्यावर ठेवण्यात आला व त्यांची मुंबईतील कारकीर्द संपली. निर्जंतुक बाटलीत जंतू कोठे आणि कोणाच्या हातून शिरले, हा या प्रकरणातील मुख्य प्रश्न होता. तो त्यांना निर्दोष ठरवण्यापुरता मर्यादित राहिला नाही. शस्त्रक्रियागृहात भूल देताना होणाऱ्या जंतुसंसर्गाच्या संदर्भात आजही तोच प्रश्न विचारला जातो.

प्रारंभीचे जीवन

हाफकिन यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आता युक्रेनमध्ये आहे. त्यांचे शालेय शिक्षण बेर्द्यान्स्क येथे झाले. १८७९ साली त्यांनी ओडेसा येथील विद्यापीठात निसर्गविज्ञानाच्या अभ्यासाला आरंभ केला. तेथे त्यांना इल्या मेचनिकोव्ह हे गुरू लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे पुढे दाखवून देणारे मेचनिकोव्ह ते हेच.

विद्यार्थिदशेत हाफकिन यांचा झारविरोधी क्रांतिकारक गटांशी संबंध आला आणि त्यांना एकाहून अधिक वेळा अटक झाली. १८८१ साली ओडेसात ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा ते ज्यू वस्तीच्या संरक्षक दलात सामील झाले व त्यात जखमी झाले. मेचनिकोव्ह यांनी मध्यस्थी केल्यामुळे त्यांची सुटका झाली. शिक्षण पूर्ण झाल्यावर ते ओडेसा येथील प्राणिशास्त्रीय संग्रहालयात काम करू लागले. मात्र प्राध्यापकपद मिळवायचे तर ज्यू धर्म सोडून ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथ स्वीकारावा लागणार होता. हाफकिन यांनी त्यास नकार दिला आणि १८८८ साली देश सोडला.

जिनिव्हा येथे काही काळ शरीरक्रियाविज्ञानाचे साहाय्यक म्हणून काम केल्यावर १८८९ साली ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. मेचनिकोव्ह त्यापूर्वीच तेथे आले होते. संस्थेत त्या वेळी साहाय्यक ग्रंथपालाचीच जागा रिकामी होती. हाफकिन यांनी ती स्वीकारली आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवला. पुढील वर्षी ते एमिल रू यांचे साहाय्यक झाले.

पटकीची लस

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त व कलकत्ता येथे ओळखला होता. १८८५ साली स्पेनमध्ये जाइमे फेरान यांनी पटकीची लस मोठ्या प्रमाणावर टोचली, परंतु तिच्या शुद्धतेविषयी व उपयुक्ततेविषयी शंका घेतल्या गेल्या. प्रत्येक मात्रेत जंतूंची शक्ती सारखी असेल, अशी लस हाफकिन यांना हवी होती. गिनीपिगांच्या उदरपोकळीतून जंतू एकामागून एक पुढे नेत त्यांनी त्यांची शक्ती वाढवली. दुसऱ्या बाजूस उष्णता व हवा यांच्या साहाय्याने त्यांनी सौम्य जंतूही तयार केले. आधी सौम्य जंतूंची आणि काही दिवसांनी तीव्र जंतूंची मात्रा टोचायची, अशी ही पद्धत होती.

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, पण अन्य अपाय झाला नाही. त्यानंतर त्यांच्या रशियन मित्रांनी ती टोचून घेतली आणि त्याच महिन्यात हाफकिन यांनी आपले निष्कर्ष पॅरिसमधील विद्वत्सभेपुढे मांडले. लसीची खरी परीक्षा पटकीची साथ कायम असलेल्या प्रदेशातच होणार होती. त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत असलेले लॉर्ड डफरिन हे भारताचे माजी व्हाइसरॉय होते. त्यांच्या पाठिंब्याने हाफकिन यांचा भारतात येण्याचा मार्ग मोकळा झाला.

मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यात पोहोचले. लसीकरणाला आग्र्यापासून आरंभ झाला. पुढे लष्करी छावण्या, कलकत्त्याच्या दाट वस्त्या आणि आसामचे चहामळे येथे सुमारे ४२,००० लोकांना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लस टोचली. कलकत्त्याच्या एका वस्तीत त्यांच्यावर दगडफेकही झाली. लस घेणे ऐच्छिक असावे, हे धोरण त्यांनी पाळले. एकाच घरातील काहींनी लस घेतली व काहींनी घेतली नाही, अशा कुटुंबांची नोंद ठेवून ते तुलना करत. हिवतापाने प्रकृती ढासळल्यामुळे १८९५ मध्ये ते युरोपात परतले आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा भारतात आले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. काही आठवड्यांतच लाखो लोक शहर सोडून जाऊ लागले. सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाचारण केले आणि ते ७ ऑक्टोबर १८९६ रोजी शहरात आले. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक खोली व एक व्हरांडा मिळाला. मदतीस एक कारकून आणि तीन शिपाई होते.

प्लेगचा जंतू येर्सिन आणि कितासातो यांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधला होता. हाफकिन यांनी तो मांसरसात वाढवला. येथील लोकांच्या धर्मभावना ध्यानात घेऊन त्यांनी गोमांसाऐवजी बोकडाचे मांस वापरले. रसाच्या पृष्ठभागावर ते तुपाचे थेंब सोडत. त्या थेंबांना धरून जंतूंची वाढ गुहेतील लवणस्तंभांप्रमाणे खाली लोंबत असे. ही वाढ वरचेवर हलवून तळाशी पाडली जाई आणि नवी वाढ होऊ दिली जाई. काही आठवड्यांनी हा सर्व रस ६५ अंश सेल्सिअस तापमानावर तासभर ठेवून जंतू मारले जात. शेवटी त्यात अर्धा टक्का कार्बॉलिक आम्ल मिसळण्यात येई. बाहेरून एखादा जंतू शिरलाच तर त्याची वाढ होऊ नये, हा या आम्लाचा उद्देश होता.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी या लसीची १० घन सेंटिमीटर एवढी मात्रा स्वतःला टोचून घेतली. पुढे सामान्य लोकांना देण्यात आलेल्या मात्रेपेक्षा ती कितीतरी मोठी होती. तीव्र ताप व वेदना सोसूनही त्यांनी काम चालू ठेवले. त्यानंतर महाविद्यालयातील अनेक जण आणि शहरातील काही प्रतिष्ठित नागरिक लस घेण्यास पुढे आले.

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. लस घ्यावी की नाही, हे कैद्यांवर सोडण्यात आले. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ जण मरण पावले. घेतलेल्यांपैकी २ जणांना लागण झाली, पण कोणी दगावले नाही. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा गावी प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस देण्यात आली. तेथे लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना लागण होऊन २६ दगावले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना लागण होऊन ३ दगावले. लस पूर्ण संरक्षण देत नाही, परंतु मृत्यू पुष्कळ कमी करते, हे या आकड्यांवरून स्पष्ट झाले.

दक्षिण महाराष्ट्रातील साथ

मुंबईतून प्लेग पुण्याकडे आणि तेथून पुढे दक्षिणेकडे पसरला. पुणे, मिरज, बेळगाव व धारवाड यांना जोडणारा लोहमार्ग तेव्हा नुकताच तयार झाला होता. माणसे आणि धान्याची पोती यांच्याबरोबर उंदीर व पिसवाही प्रवास करत. मुंबई इलाख्यात साथीचा जबर तडाखा बसलेल्या जिल्ह्यांमध्ये सातारा जिल्ह्याचा समावेश होता. आज सांगली जिल्ह्यात असलेले कडेगाव त्या काळी सातारा जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात मोडत असे. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर किंवा शेतात झोपड्या बांधून राहायचे, हा या भागातील लोकांचा साथीवरचा मुख्य उपाय होता. उंदरांपासून माणसे दूर जात असल्यामुळे तो बऱ्याच अंशी परिणामकारकही होता.

सरकारी उपायांमुळे मात्र लोकांच्या मनात धास्ती निर्माण झाली. पुण्यात घरोघर झडत्या, सक्तीचे विलगीकरण आणि घरातील सामानाची नासधूस यांमुळे असंतोष पसरला. २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले यांचे प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने निधन झाले होते. अशा वातावरणात सुई घेऊन दारात येणाऱ्या सरकारी माणसावर विश्वास ठेवणे लोकांना कठीण होते. लसीचा प्रसार सक्तीने न होता विश्वासाने व्हावा, ही हाफकिन यांची भूमिका या संदर्भात महत्त्वाची ठरते. मुंबईत आगाखान तिसरे यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि खोजा समाजातील अनेकांनी त्यांचे अनुकरण केले. १८९८ साली हुबळी शहरात मोठ्या संख्येने लोकांनी लस घेतली.

परळची प्रयोगशाळा

लसीची मागणी वाढली तशी जागा अपुरी पडू लागली. आगाखानांनी माझगाव येथील आपला खुशरू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले व हाफकिन तिचे प्रमुख झाले. त्याच वर्षी त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले.

हाफकिन हे शिक्षणाने डॉक्टर नव्हते, त्यांची पदवी निसर्गविज्ञानाची होती. भारतीय वैद्यकीय सेवेतील लष्करी पदे धारण करणाऱ्या अधिकाऱ्यांवर रशियातून आलेला एक ज्यू प्राणिशास्त्रज्ञ प्रमुख म्हणून नेमला जाणे, हे त्या काळच्या प्रशासनात अपवादात्मक होते. अनेक अभ्यासकांनी पुढील घटनांचा अर्थ लावताना ही पार्श्वभूमी विचारात घेतली आहे.

मुलकोवाल दुर्घटना

१९०२ साली पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर लसीकरण हाती घेतले. एवढी लस वेळेत पुरवण्यासाठी हाफकिन यांनी उत्पादनाच्या पद्धतीत बदल केला. नव्या पद्धतीत लस केवळ उष्णतेने निर्जंतुक केली जाई आणि कार्बॉलिक आम्ल वगळले जाई. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील अनुभवावरून उष्णता पुरेशी असल्याची त्यांना खात्री होती. बंद बाटलीपुरते हे खरे होते. तथापि आम्ल नसल्यामुळे बाटली उघडल्यानंतर आत शिरणाऱ्या जंतूंना अटकाव करणारे काही उरले नाही.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील गुजरात जिल्ह्यातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस देण्यात आली. सुमारे आठवड्याने ५३-एन या क्रमांकाच्या बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांमध्ये धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली. ते सर्वच्या सर्व मरण पावले. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

धनुर्वाताचा जंतू

धनुर्वाताचे जंतू माती व शेण यांत बीजाणूंच्या रूपाने असतात. बीजाणू म्हणजे जंतूची कठीण कवचातील सुप्त अवस्था. या अवस्थेत ते वर्षानुवर्षे टिकतात. जंतुनाशक द्रावणात क्षणभर बुडवल्याने ते मरत नाहीत. ज्योतीवर तापवणे किंवा दाबाखालील वाफेत ठेवणे, हे त्यांच्यावरील खात्रीचे उपाय होत. हवा नसलेल्या ठिकाणी हे बीजाणू रुजतात आणि त्यांचे विष मज्जासंस्थेवर परिणाम करते. लक्षणे दिसण्यास बहुधा कित्येक दिवस लागतात. त्यामुळे संसर्ग नेमका कोठे झाला याचा माग काढणे अवघड जाते.

चौकशी

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेतच, तिच्यात जंतू शिरले असावेत, असा निष्कर्ष आयोगाने काढला. कार्बॉलिक आम्ल वगळण्याच्या निर्णयावरही ठपका ठेवण्यात आला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ साली ते इंग्लंडला गेले.

चौकशीत एक महत्त्वाची बाब नोंदली गेली होती. त्या दिवशी बाटलीचे बूच काढण्यासाठी वापरला जाणारा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न तापवता केवळ कार्बॉलिकच्या द्रावणात बुचकळून पुन्हा वापरण्यात आला आणि त्यानेच ५३-एन या बाटलीचे बूच काढण्यात आले. गावातील जमीन हा धनुर्वाताच्या बीजाणूंचा नेहमीचा साठा असतो. तरीही आयोगाने या घटनेला निर्णायक महत्त्व दिले नाही.

बाटलीतील द्रव इंग्लंडमधील लिस्टर संस्थेकडेही विचारार्थ पाठवण्यात आला होता. टोचणीच्या वेळी बाटलीत धनुर्वाताचे जंतू बहुधा होते, परंतु ते कोणत्या टप्प्यावर व कसे शिरले हे ठरवता येत नाही, असे त्या संस्थेचे मत होते. हे मत आयोगाच्या निष्कर्षाहून बरेच सावध होते.

निर्दोषत्व

चौकशीची कागदपत्रे १९०६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाल्यावर इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला. कलकत्त्यात हाफकिन यांच्याबरोबर काम केलेले डब्ल्यू. जे. सिम्प्सन आणि हिवतापाच्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी त्यांची बाजू उचलून धरली. त्यांच्या युक्तिवादाचे मुद्दे पुढीलप्रमाणे होते.

पहिला मुद्दा काळाचा होता. मुंबईत बाटली भरताना बीजाणू शिरले असते, तर मुलकोवालला पोहोचेपर्यंतच्या आठवड्यांत ते बंद बाटलीत वाढले असते. बाटलीत भरपूर विष साठले असते आणि रोग्यांना फार लवकर लक्षणे दिसली असती. प्रत्यक्षात ती सुमारे आठवड्याने दिसली.

दुसरा मुद्दा वासाचा होता. धनुर्वाताच्या जंतूंची वाढ झालेल्या द्रवाला दुर्गंधी येते. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता.

तिसरा मुद्दा चिमट्याचा होता. संसर्ग एकाच बाटलीपुरता मर्यादित होता आणि जमिनीवर पडलेल्या चिमट्याने उघडलेली बाटली तीच होती.

२९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्रात रॉस व अन्य नामवंत जीवाणुशास्त्रज्ञांचे संयुक्त पत्र प्रसिद्ध झाले. हाफकिन यांच्यावरील आरोप सिद्ध होत नाहीत, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. ब्रिटिश संसदेतही प्रश्न विचारले गेले. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने हाफकिन यांना पुन्हा सेवेत घेण्याची तयारी दाखवली. फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपातून मुक्त होऊन तेव्हा वर्षच झाले होते. त्यामुळे मुलकोवाल प्रकरणाची तुलना ड्रेफस प्रकरणाशी केली जाते.

दुर्घटनेचे परिणाम हाफकिन यांच्यापुरते मर्यादित राहिले नाहीत. पंजाबातील लसीकरणाची मोहीम कोलमडली आणि पुढील काही वर्षांत त्या प्रांतात प्लेगने प्रचंड मनुष्यहानी झाली. मुलकोवालच्या मृत १९ जणांना लस घ्या म्हणून सांगणारी यंत्रणा आणि त्यांच्या मृत्यूस कारण झालेली निष्काळजी एकाच दिवशी एकाच ठिकाणी हजर होती. त्यामुळे लोकांचा अविश्वास निराधार म्हणता येत नाही.

शस्त्रक्रियागृहातील निर्जंतुकतेशी संबंध

१८४६-४७ मध्ये ईथर व क्लोरोफॉर्म यांचा वापर सुरू झाल्यावर शस्त्रक्रिया वेदनारहित झाल्या. त्यामुळे त्या अधिक वेळ चालू लागल्या व अधिक खोलवर होऊ लागल्या, परंतु जखमा चिघळून होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. १८६५ पासून जोसेफ लिस्टर यांनी ग्लासगो येथे कार्बॉलिक आम्लाचा वापर करून हे मृत्यू कमी करता येतात, हे दाखवले. पुढे वाफेने निर्जंतुक केलेली उपकरणे, रबरी हातमोजे आणि मुखपट्टी यांचा वापर रूढ झाला. मुलकोवालच्या काळापर्यंत शस्त्रक्रियेच्या जखमेपर्यंत जंतू पोहोचू नयेत यासाठीचे नियम बऱ्याच अंशी निश्चित झाले होते. बाटली, सुई व चिमटा यांच्या बाबतीत मात्र तीच शिस्त सर्वत्र पाळली जात नव्हती.

आधुनिक शस्त्रक्रियागृहात हीच त्रुटी भूल देण्याच्या कामाच्या संदर्भात चर्चिली जाते. शल्यविशारद हात निर्जंतुक करून, हातमोजे चढवून जखमेशीच काम करतो. भूलतज्ज्ञाला मात्र रुग्णाच्या तोंडात नळी घालणे, यंत्राच्या कळा फिरवणे, औषधाच्या कुप्या उघडणे आणि शिरेतील नळीच्या तोंडातून औषध देणे ही कामे थोड्या वेळात, आलटून पालटून करावी लागतात. रुग्णाच्या तोंडातील व त्वचेवरील जंतू हातावाटे यंत्रावर, यंत्रावरून पुन्हा हातावर आणि तेथून शिरेच्या नळीत जाऊ शकतात. त्याच टेबलावर पुढचा रुग्ण आला की ते त्याच्यापर्यंतही पोहोचतात.

याचे एक सुविदित उदाहरण प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाचे आहे. हे औषध तेलाच्या सूक्ष्म कणांच्या दुधाळ द्रवात असते आणि त्यात जंतू झपाट्याने वाढतात. त्याच्या सुरुवातीच्या स्वरूपात जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य नव्हते. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील काही रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर गंभीर जंतुसंसर्ग झाले. चौकशीत औषधाच्या कारखान्यात दोष आढळला नाही. कुपी उघडून ठेवणे, एकाच कुपीतील औषध अनेकांसाठी वापरणे आणि हात स्वच्छ न करता सिरिंज भरणे या चुका आढळल्या. पुढे अमेरिकेत त्या औषधात जंतूंची वाढ रोखणारे द्रव्य मिसळण्यात आले. एका कुपीतून एकाच रुग्णाला औषध, टोचण्यापूर्वी बुचाचे निर्जंतुकीकरण आणि उघडलेले औषध ठरावीक तासांत टाकून देणे, हे नियमही कडक करण्यात आले.

मुलकोवालची बाटली आणि ही कुपी यांतील साम्य उघड आहे. दोन्हींत संरक्षक द्रव्य नव्हते व दोन्ही ठिकाणी चूक उघडण्याच्या क्षणी झाली. फरक चौकशीच्या दिशेत होता. अमेरिकेतील चौकशीने कुपी हाताळणाऱ्या हातांचा माग घेतला. १९०२ च्या चौकशीने तो प्रामुख्याने प्रयोगशाळेत शोधला. प्रयोगशाळेतील निर्जंतुकीकरण औषध रुग्णाच्या शरीरात जाईपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर जपावे लागते, हा मुलकोवाल प्रकरणाचा वैद्यकातील कायमचा धडा मानला जातो. त्याचबरोबर, घाईच्या मोहिमेत संरक्षक द्रव्य वगळल्याने शेवटच्या माणसाच्या छोट्या चुकीलाही जीवघेणे रूप येते, हा त्याचा दुसरा भाग आहे. हाफकिन यांच्यावरील आरोप टिकला नसला, तरी कार्बॉलिक आम्ल वगळण्याचा त्यांचा निर्णय या दृष्टीने टीकेस पात्र ठरतो.

उत्तरायुष्य

हाफकिन भारतात परतले, परंतु परळच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद तोपर्यंत दुसऱ्याकडे गेले होते. त्यांची नेमणूक कलकत्त्यातील जैविक प्रयोगशाळेत झाली. तेथे लस तयार करण्याचे व माणसांवर तिची चाचणी घेण्याचे काम त्यांना देण्यात आले नाही. निर्दोष ठरूनही त्यांना त्यांचे मूळ कार्यक्षेत्र परत मिळाले नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपात गेले.

निवृत्तीनंतर त्यांनी ज्यू धर्म व शिक्षण यांच्या कार्यास वाहून घेतले. १९१६ साली त्यांनी पारंपरिक ज्यू आचाराचे समर्थन करणारा निबंध प्रसिद्ध केला. १९२९ साली पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांच्या साहाय्यासाठी आपल्या संपत्तीतून त्यांनी एक निधी स्थापन केला. ते अविवाहित होते. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे घालवली व तेथेच २६ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

वारसा

परळच्या प्रयोगशाळेला १९०६ साली बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी असे नाव मिळाले. १९२५ साली हाफकिन यांच्या हयातीतच तिचे नामकरण हाफकिन संस्था असे झाले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा पाठवण्यात आल्या. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होतो, याची खातरजमा करणारे महत्त्वाचे प्रयोगही याच प्रयोगशाळेत झाले. १९७५ साली लसनिर्मितीचा विभाग वेगळा काढून त्याची स्वतंत्र कंपनी करण्यात आली.

भारतीय टपाल खात्याने १९६४ साली हाफकिन यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले. मृत जंतूंपासून तयार केलेली लस मोठ्या लोकसंख्येला देऊन, लस घेतलेल्या व न घेतलेल्या माणसांची आकडेवारीने तुलना करण्याची त्यांची पद्धत पुढील लसचाचण्यांना मार्गदर्शक ठरली.